मथळ्यातला एक आकडा : ‘हरित’ दाव्यावरची बातमी, तिची दुरुस्ती आणि खाली लागलेली जाहिरात

हे प्रकरण एका ऑनलाइन वृत्तसंस्थळाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे देणाऱ्या विभागात, घडले. त्या डेस्कवर मी होतो आणि यातली एक मोठी चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कंपनी, संस्थळ आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत. मध्ये केलेली आकडेमोड समजावण्यापुरती आहे, ती कंपनीची नव्हे.

पार्श्वभूमी

आमची बातमीदार उद्योगांच्या शाश्वततेचे, म्हणजे कंपन्या पर्यावरण किती सांभाळतात याचे, बीट बघायची. हे बीट तसे पोरके. पर्यावरणवाल्यांना ते कंपन्यांचे वाटते, अर्थपानवाल्यांना झाडे लावण्याचे. त्यामुळे प्रेस नोटा आल्या की त्या तिच्या टेबलावर येऊन पडायच्या आणि बहुतेक थेट टोपलीत जायच्या. तिचे खरे काम अहवाल वाचण्याचे होते आणि ते ती शेवटाकडून वाचायची. आधी तपासणी संस्थेचे पत्र, मग तळटीपा, मग ‘या आकड्यांत काय धरले आहे’ ते पान आणि सगळ्यात शेवटी पवनचक्कीचे फोटो.

त्या वर्षी एका सिमेंट कंपनीचा शाश्वतता अहवाल आला. त्यातला मोठ्या अक्षरातला दावा असा, की आधारवर्षाच्या (तुलनेसाठी ठरवलेल्या जुन्या वर्षाच्या) तुलनेत प्रति टन सिमेंट होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन चतुर्थांशाहून जास्त घटले. सिमेंटच्या धंद्यात ही घट साधी नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा या एका मालाचा आहे आणि तो कमी करणे जिकिरीचे आहे, कारण अडचण फक्त कोळशाची नाही. सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर. चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून तो तयार होतो. भाजताना चुनखडी स्वतःच वायू सोडते. १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजले तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो जाणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून जास्त, साधारण ६० टक्के, या रासायनिक क्रियेतून येते.

म्हणून कंपन्यांकडे मुख्य रस्ता उरतो तो सिमेंटमधला क्लिंकर कमी करून त्याजागी पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीची मळी किंवा औष्णिक वीजकेंद्रातली राख मिसळण्याचा. ही कंपनी तेच केल्याचे सांगत होती. बातमीदाराने गणित मांडले, तर मिसळीचे प्रमाण वाढले होते खरे, पण एवढी घट होण्याइतके नव्हे. उरलेली घट कुठून आली?

तिला काय सापडले

उत्तर अहवालातच होते, फक्त दुसऱ्या प्रकरणात. कच्च्या मालाच्या तक्त्यात ‘खरेदी केलेला क्लिंकर’ अशी एक ओळ होती आणि तीन वर्षांत ती चांगलीच फुगली होती. वित्तीय अहवालातल्या कच्च्या मालाच्या टिपणाशी ती जुळत होती. कंपनीने आपली एक जुनी भट्टी थंड केली होती आणि तेवढा क्लिंकर बाहेरून घ्यायला सुरुवात केली होती.

याचा परिणाम कसा होतो ते तिने मला एका कागदावर दाखवले. ते आकडे इथे देतो, कारण पुढचे सगळे भांडण त्यावरच आहे.

समजा १०० टन सिमेंटमध्ये ७० टन क्लिंकर आणि ३० टन इतर माल आहे. एक टन क्लिंकरमागे भट्टीतून ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरू. सगळा क्लिंकर घरचा असेल, तर ५९.५ टन उत्सर्जन, म्हणजे प्रति टन सिमेंट साधारण ०.६. आता ७० पैकी २० टन क्लिंकर बाहेरून आणला. घरच्या धुराड्यातून निघाले ४२.५ टन. सिमेंट तेवढेच, १०० टन. प्रति टन आकडा आला ०.४२५ वर. २८ टक्क्यांहून जास्त घट! हवेत मात्र एक किलोचाही फरक नाही. वीस टनांचा धूर दुसऱ्याच्या धुराड्यातून निघाला, एवढेच.

यात खोटे काही नाही, हे लक्षात घ्या. जागतिक संसाधन संस्था आणि उद्योगांची जागतिक शाश्वत विकास परिषद यांनी २००१ मध्ये आणलेल्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलनुसार (हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजण्याचे नियम) स्वतःच्या भट्टीचे उत्सर्जन स्कोप १ मध्ये जाते, विकत घेतलेल्या विजेचे स्कोप २ मध्ये आणि विकत घेतलेल्या मालामागचे स्कोप ३ मध्ये. बाहेरचा क्लिंकर हा विकत घेतलेला माल. तो पहिल्या खान्यातून उठून तिसऱ्या खान्यात गेला. कंपनीचा दावा फक्त स्कोप १ चा होता आणि स्कोप ३ च्या पानावर ‘माहिती संकलनाचे काम सुरू आहे’ असे वाक्य होते.

पण सिमेंट उद्योगाने ही पळवाट फार पूर्वी ओळखली होती. उद्योगाच्या स्वतःच्या कार्बन मोजणी नियमांत प्रति टन आकडा काढताना खाली, म्हणजे छेदात, ‘सिमेंट’ धरत नाहीत. घरचा क्लिंकर आणि मिसळीचा माल एवढेच धरतात, बाहेरून आणलेला क्लिंकर वगळतात. वरच्या उदाहरणात छेद १०० ऐवजी ८० होतो आणि आकडा ०.५३ च्या आसपास येतो. घट २८ वरून ११ टक्क्यांपर्यंत उतरते. कंपनीने आधी हाच छेद वापरला होता. ज्या वर्षी भट्टी थंड झाली, त्याच वर्षी तो बदलून ‘प्रति टन सिमेंट’ केला होता. बदल एका तळटीपेत होता.

ही होती बातमी. माझ्या मते त्या वर्षी आम्ही केलेल्या चांगल्या बातम्यांपैकी एक.

तिने कंपनीला प्रश्न पाठवले : छेद का बदलला, बाहेरच्या क्लिंकरचे उत्सर्जन कुठे दाखवले आहे. दोन दिवसांनी जनसंपर्क विभागाचे एका ओळीचे उत्तर आले, ‘आमचे सर्व आकडे त्रयस्थ संस्थेने प्रमाणित केलेले आहेत.’ तिने तपासणीचे पत्र आधीच वाचले होते. तपासणी ‘लिमिटेड ॲश्युरन्स’ पातळीची होती. म्हणजे तपासणारा ‘आकडे बरोबर आहेत’ असे म्हणत नाही, ‘आकडे चूक आहेत असे वाटण्यासारखे काही आमच्या नजरेस आले नाही’ असे म्हणतो. शिवाय तीही फक्त स्कोप १ आणि २ पुरती. हे वाक्यही बातमीत गेले.

समस्या कुठे सुरू झाली

तिने दिलेला मथळा होता : ‘सिमेंट कंपनीच्या उत्सर्जनघटीत बाहेरच्या क्लिंकरची नोंद नाही’. अचूक, आणि कुणीही त्यावर बोट ठेवणार नाही असा. म्हणजे बोट लावून उघडणारही नाही.

चौथ्या परिच्छेदात एक जोडवाक्य होते, की प्रति टन आकडा घटला तरी कंपनीचे एकूण उत्सर्जन आधारवर्षापेक्षा वाढले आहे. मला तिथेच बातमी दिसली. मी मथळा केला : ‘‘हरित’ सिमेंटचे उत्सर्जन वाढलेच!’ उद्गारचिन्हही माझे. तिला विचारले नाही, ती दुसऱ्या कामावर बाहेर होती. डेस्कला मथळा बदलायचा अधिकार असतोच, आणि सकाळचे अकरा वाजत आले होते.

बातमी लागली, जोरात चालली. दुपारी एकच्या सुमारास कंपनीचे पत्र आले, या वेळी एका ओळीचे नव्हते.

पत्रातला मुद्दा असा : एकूण उत्सर्जन वाढल्याचे विधान साफ चूक आहे. मध्यंतरी कंपनीने दुसऱ्या कंपनीचा एक चालू कारखाना विकत घेतला. असा व्यवहार झाला की प्रोटोकॉलच्या नियमानुसार आधारवर्षाचा आकडा पुन्हा काढावा लागतो. तो कारखाना आधीपासून आपलाच होता असे धरून त्याचे जुने उत्सर्जन आधारवर्षात मिळवायचे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. कंपनीने ते केले होते आणि नव्या अहवालात तसे लिहिले होते. बातमीदाराने आधारवर्षाचा आकडा मात्र जुन्या अहवालाच्या पीडीएफमधून उचलला होता. म्हणजे एका बाजूला त्या कारखान्याशिवायचे वर्ष, दुसऱ्या बाजूला त्या कारखान्यासकटचे. उत्सर्जन वाढलेले दिसणारच. समान व्याप्तीवर बघितले तर ते किंचित घटले होते.

आम्ही दहा मिनिटांत पडताळले. कंपनीचे बरोबर होते.

बातमीदार फोनवर एवढेच म्हणाली, ‘सर, ते वाक्य चौथ्या परिच्छेदात होतं. तुम्ही वर नेलंत.’ मग थोड्या वेळाने, ‘पण चूक माझीच आहे.’ दोन्ही वाक्ये खरी होती.

त्याच पत्राचे दुसरे अंग मात्र बोलके होते. क्लिंकरबद्दल आणि बदललेल्या छेदाबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. मागणी होती संपूर्ण बातमी काढून टाकण्याची आणि बिनशर्त माफीची.

आणि खाली लागलेली जाहिरात

एवढ्यावर भागले असते तर हे नेहमीचे दुरुस्तीचे प्रकरण झाले असते. पण त्याच आठवड्यात त्याच कंपनीची प्रायोजित लेखमाला आमच्या संस्थळावर सुरू झाली होती. डेस्कला हे माहीत नव्हते. जाहिरात विभागाला बातमीची कल्पना नव्हती. दोन विभागांत भिंत असावी, ही आमची अभिमानाची गोष्ट. भिंत विनाखिडकीची होती, एवढेच. शेवटी ‘हेही वाचा’ची चौकट भरणाऱ्या संगणकाने आपले काम चोख केले. बातमीत कंपनीचे नाव होते, प्रायोजित लेखातही होते, म्हणून त्याने तो लेख बातमीच्या बरोबर खाली लावला.

दुपारी कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट टाकला. वर ‘उत्सर्जन वाढलेच!’, खाली त्याच कंपनीच्या सिमेंटने भविष्य कसे घडते आहे त्याचे गुणगान. मोबाइलवर ‘प्रायोजित’ हा शब्द फिकट करड्या रंगात, इतका बारीक की स्क्रीनशॉटमध्ये दिसतही नव्हता. संध्याकाळपर्यंत एक बाजू म्हणत होती की आम्ही पैसे घेऊन कंपनीची आरती ओवाळतो. दुसरी म्हणत होती की जाहिरातीचा दर वाढवून घ्यायला आम्ही बातमीचा दबाव टाकतो. एकाच चित्रावरून दोन्ही आरोप.

प्रायोजित मजकुराने वृत्तसंस्थेची लाज जाण्याची ही पहिली वेळ नव्हे. जानेवारी २०१३ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाच्या संस्थळाने सायंटॉलॉजी पंथाचा प्रायोजित लेख लावला. टीका झाल्यावर काही तासांत तो उतरवून माफी मागितली. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा मजकुराबद्दल मार्गदर्शन काढले. त्यातला एक मुद्दा आमच्या प्रकरणाला नेमका लागू होता, की ‘जाहिरात’ ही खूण मूळ पानावर असून भागत नाही, मजकूर शोधयंत्रात किंवा समाजमाध्यमांवर गेला तरी ती त्याच्यासोबत जायला हवी. आमच्या प्रायोजित लेखाची लिंक पुढे पाठवली की नुसता मथळा आणि चित्र जायचे. ती दिसायला सरळ बातमीच.

समोरचे पर्याय

संध्याकाळी संपादकांच्या खोलीत आम्ही पाचजण बसलो. जाहिरात विभागाच्या प्रमुख आल्या, बातमीदार आली, मी होतो.

पहिला पर्याय बातमी उतरवण्याचा. जाहिरात विभागाचा कल तिकडे असेल असे मला वाटले होते. माझा अंदाज चुकला. प्रमुख म्हणाल्या, ‘उतरवलीत तर उद्या माझ्याकडे येणारा प्रत्येकजण तेच मागेल.’ हा मुद्दा मला सुचला नव्हता. दुसरा पर्याय होता शांतपणे दुरुस्त करून गप्प बसण्याचा. खरे सांगायचे तर तो मी दुपारीच वापरून टाकला होता. पत्र पडताळल्याबरोबर मथळा बदलून बातमीदाराचा मूळ मथळा लावला, चौथा परिच्छेद काढला आणि कुठे काही लिहिले नाही. ‘आधी चूक थांबवू, नोंद मग करू,’ असा विचार होता. कुणीतरी जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवरची सकाळची प्रत आणि दुपारची प्रत शेजारी शेजारी ठेवून टाकली. आता आम्ही नुसते चुकलेले नव्हतो, लपवणारेही झालो होतो.

तिसरा पर्याय कंपनीचा खुलासा जसाच्या तसा खाली जोडण्याचा. ही छापील वर्तमानपत्राची जुनी सवय, खुलासा छापला की हात झटकले. पण त्यातून वाचकाला काय कळणार? कंपनी म्हणते घटले, बातमी म्हणते वाढले, खरे काय ते तुम्ही ठरवा. यातला एक भाग वादाचा नव्हताच. आम्ही चुकलो होतो, आणि ते आमच्या तोंडून यायला हवे होते.

चौथा पर्याय दुरुस्ती बातमीच्या माथ्यावर देण्याचा, चूक कोणती आणि टिकून असलेला मुद्दा कोणता हे वेगवेगळे सांगून. बातमीदार याच्या बाजूने होती. संपादक तत्त्वतः होते, पण ‘रात्र झाली, आत्ता एक ओळ टाका, सकाळी बघू’ असे ठरले.

त्या एका ओळीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

काय केले

रात्री आठ वाजता बातमीखाली ही ओळ गेली : ‘कंपनीकडून आलेल्या खुलाशानंतर ही बातमी अद्ययावत करण्यात आली आहे.’

व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य. कर्ता नाही, चूक नाही, आकडा नाही. आम्ही ते सावध म्हणून लिहिले होते, कंपनीने ते सोन्यासारखे वापरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या प्रसिद्धिपत्रकात लिहिले होते की संबंधित संस्थळाने आपली बातमी मागे घेतली असून कंपनीच्या आकडेवारीची सत्यता मान्य केली आहे. आम्ही काय दुरुस्त केले ते आम्हीच सांगितले नव्हते. मग ती मोकळी जागा भरायला कोणीही मोकळे.

सकाळी दहाला बातमीदाराने लिहिलेली दुरुस्ती बातमीच्या वर, मथळ्याला लागून गेली. ती पूर्ण देतो :

‘दुरुस्ती : या बातमीच्या मथळ्यात आणि चौथ्या परिच्छेदात कंपनीचे एकूण उत्सर्जन आधारवर्षापेक्षा वाढल्याचे म्हटले होते. ते चूक होते. आधारवर्षाचा आकडा आम्ही जुन्या अहवालातून घेतला. त्यात नंतर विकत घेतलेल्या कारखान्याचा समावेश नव्हता. समान व्याप्तीवर एकूण उत्सर्जन किंचित घटले आहे. बाहेरून घेतलेल्या क्लिंकरचे उत्सर्जन प्रति टन आकड्यात धरलेले नाही आणि तो आकडा काढण्याची पद्धत बदलली आहे, हा बातमीचा मुख्य मुद्दा कायम आहे. कंपनीने आपल्या पत्रात तो नाकारलेला नाही. मथळा मंगळवारी दुपारी बदलला, तेव्हा बदलाची नोंद केली नव्हती. तीही आमची चूक.’

वकिलांनी एकच शब्द बदलायला सांगितला होता, ‘चूक’च्या जागी ‘विसंगती’. संपादकांनी ‘चूक’ राहू दिला. या निर्णयाचे श्रेय त्यांचे.

चार दिवसांनी दुसरा लेख आला. त्यात मथळ्यात आकडाच नव्हता. छेद बदलला की प्रति टन आकडा कसा पडतो, एवढेच समजावले होते, वरच्या १०० टनांच्या उदाहरणासह. छापण्याआधी तो सिमेंट कारखान्यात भट्टीवर अनेक वर्षे काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्याला दाखवला. त्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या आणि एक प्रश्न विचारला, जो आम्ही कुणीच विचारला नव्हता : बाहेरचा क्लिंकर ज्या भट्टीतून आला, ती जुन्या भट्टीपेक्षा चांगली असेल तर? तसे असेल तर हवेतही थोडी खरी घट झाली असणार. हा मुद्दा कंपनीच्या बाजूचा होता आणि कंपनीने स्वतः मांडला नव्हता. आम्ही तो लेखात घेतला आणि कंपनीला पुरवठादाराच्या भट्टीची माहिती मागितली. आली नाही. बातमीदाराचा आकड्यांचा तक्ता लेखासोबत वाचकांना उघडा ठेवला.

जाहिरातीच्या बाजूने दोन कामे झाली. प्रायोजित लेखाच्या लिंकसोबत जाणाऱ्या मथळ्यातच ‘प्रायोजित’ हा शब्द सुरुवातीला बसवला, म्हणजे लिंक कुठेही गेली तरी तो सोबत जाईल. आणि ‘हेही वाचा’च्या चौकटीतून प्रायोजित मजकूर कायमचा काढला. शोधयंत्रांसाठी अशा लिंकांवर ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावण्याची सोय गूगलने सप्टेंबर २०१९ मध्येच दिलेली आहे. आमच्याकडे ती लावायची राहून गेली होती. का, ते कुणालाच सांगता आले नाही.

परिणाम

लेखमालेचे उरलेले भाग कंपनीने थांबवले. कायदेशीर नोटीस आली नाही. दुसरा लेख पहिल्या बातमीच्या मानाने फारच कमी वाचला गेला. पण तो वाचणाऱ्यांत गुंतवणूक संस्थांचे लोक होते, कारण त्यांच्यापैकी काहींनी बातमीदाराला तक्त्यातल्या खान्यांबद्दल नेमके प्रश्न विचारले. पुढच्या वर्षीच्या अहवालात कंपनीने स्कोप ३ खाली खरेदी केलेल्या क्लिंकरची ओळ दिली. प्रति टन आकडा दोन्ही छेदांनी दाखवला, एक दर्शनी पानावर, दुसरा परिशिष्टात. कोणता कुठे, हे सांगायला नको. हे आमच्या लेखामुळे झाले असा दावा मी करणार नाही. अशी माहिती मागणारे आमच्याखेरीज इतरही होते.

बातमीदाराच्या नावाने शोध घेतला की तो जुना मथळा अजून वर येतो. समाजमाध्यमे लिंकचा मथळा आणि चित्र एकदा वाचून आपल्याकडे साठवतात. मूळ पानावर बदल केला तरी आधी पाठवलेल्या लिंकांत जुनेच दिसत राहते. बायलाइन, म्हणजे बातमीवरचे नाव, तिची, मथळा माझा. कंपनीने पुढे एका पत्रकार परिषदेत तिला प्रश्न विचारू दिला नाही. मला कुणीच काही म्हटले नाही. डेस्कला चेहरा नसतो.

वेगळे काय करता आले असते

प्रश्न पाठवतानाच एक गोष्ट चुकली होती. तिने छेदाबद्दल आणि क्लिंकरबद्दल विचारले, कारण तिच्या मनात बातमी तीच होती. एकूण उत्सर्जन वाढल्याचे विधान तिला इतके उघड वाटले की त्याबद्दल विचारले नाही. ते विधान चौथ्या परिच्छेदात असते तोवर ही ढिलाई लहान होती, मथळ्यात गेल्यावर ती घोडचूक झाली. छापणार असलेला प्रत्येक आकडा, तो कोणत्या पानावरून घेतला आणि त्यातून काय निष्कर्ष काढला हे कंपनीला आधी लेखी पाठवले असते, तर जनसंपर्क विभागाने एका मिनिटात ती चूक दाखवली असती. सावध केले तर कंपनी आधीच प्रसिद्धिपत्रक काढेल, अशी भीती असते. ती खरीही आहे. पण या प्रकारच्या बातमीत शोध तळटीपेत असतो आणि तळटीप कुणी पळवून नेत नाही.

मथळ्याबद्दल डेस्कवर आता एक साधी रीत आहे. मथळ्यात जाणारा आकडा किंवा वाढ-घटीचा शब्द बातमीदाराने फोनवर मोठ्याने वाचून होकार द्यायचा. यात वीस मिनिटे जातात. काही सहकाऱ्यांना ही डेस्कच्या अधिकारावर गदा वाटते. त्यांच्याशी माझे मत जुळत नाही, पण रात्रपाळीला ती रीत पाळणे अवघड जाते हे मान्य.

दुपारी मथळा गुपचूप बदलणे ही माझी दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी. त्याजागी ‘या मथळ्यातील विधान आम्ही तपासत आहोत’ एवढी ओळ दोन मिनिटांत लिहिता आली असती. रात्री आठची ती गुळमुळीत ओळ टाकण्यापेक्षा काहीच न टाकता सकाळची वाट बघणेसुद्धा बरे झाले असते.

जाहिरातींचे वेळापत्रक डेस्कला माहीत असावे का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माहीत असेल तर बातमी करताना हात आखडेल, असे एका बाजूचे म्हणणे. नसेल तर पुन्हा तसाच स्क्रीनशॉट फिरेल, असे दुसऱ्या बाजूचे. काही संस्थांनी प्रश्नच मुळातून सोडवला. ‘द गार्डियन’ने जानेवारी २०२० मध्ये खनिज इंधन काढणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती घेणेच बंद केले. लहान संस्थळाला हे परवडेल का, हा हिशेब वेगळा. आम्ही मधला मार्ग काढला : वेळापत्रक फक्त संपादकांकडे. बातमी लागण्याच्या दिवशी त्याच कंपनीचा प्रायोजित मजकूर असेल, तर मागे सरकवायचा तो मजकूर, बातमी नाही. आजवर दोनदा तसे करावे लागले.

एक गोष्ट तशीच राहिली आहे. बातमीच्या यूआरएलमध्ये अजून जुन्या मथळ्याचे शब्द आहेत, ‘उत्सर्जन-वाढलेच’. मथळा बदलला तरी पत्ता आपोआप बदलत नाही. तांत्रिक विभाग म्हणतो बदलू, जुना पत्ता नव्याकडे वळवू. बातमीदार म्हणते, राहू द्या. वर दुरुस्ती आहे, खाली तारीख आहे आणि पत्त्यात चूक आहे, तिन्ही एका पानावर दिसू देत. तिच्या तक्त्यात मात्र तेव्हापासून एक खाना वाढला आहे. प्रत्येक आकड्यापुढे आधी दोन नोंदी असायच्या, वर्ष आणि पान. आता तिसरी आहे : ‘कोणत्या वर्षी छापलेल्या अहवालातून’.